देल पोत्रो: एकच ग्रँडस्लॅम, तरी एवढं प्रेम कशापायी?

पिंपळपान

१ डिसेंबर २०२४ ला, ब्युनोस आयर्समध्ये अर्जेंटिनाचा टेनिसपटू हुआन मार्टिन देल पोत्रोचा निरोपाचा सामना झाला. समोर जोकोविच. सामना कसला, नावालाच. जोकोविच हात राखून खेळतोय हे टेनिस न कळणाऱ्यालाही कळलं असतं. तरी मी शेवटपर्यंत बसून पाहिला आणि शेवटी घसा दाटून यायला लागला म्हणून उगाच चहा टाकायला उठलो. घरच्यांना वाटलं मला चहाची तलफ आली.

मग हिशेब मांडला. ग्रँडस्लॅम एक, २००९ ची अमेरिकन ओपन. एकेरीची विजेतेपदं सगळी मिळून २२. क्रमवारीत सर्वात वर गेला तो तिसऱ्या क्रमांकापर्यंत, तेही २०१८ च्या ऑगस्टमध्ये, वयाची तिशी दारात उभी असताना. वावरिंकाकडे तीन ग्रँडस्लॅम आहेत, मरेकडे तीन, ब्राझीलच्या कुएर्तेनकडे तीन फ्रेंच ओपन, याच्याच देशाच्या विलासकडे चार. पण वावरिंका निवृत्त होईल तेव्हा मी चहा टाकायला उठेन असं वाटत नाही.

तर प्रश्न सरळ आहे. जगभर, आणि आपल्याकडेही, हा माणूस इतका आवडायचं कारण काय? 'बिच्चारा' एवढंच उत्तर असेल तर धागा इथेच बंद करू.

चहाबाज

उत्तर तेवढंच आहे, करा बंद. :)

गंमत सोडा, पण खरंच सांगतो. दुखापत झालेल्या माणसाबद्दल लोकांना कणव वाटते, आणि कणव आणि लोकप्रियता यांत आपण गल्लत करतो. फेडररविरुद्ध २५ सामने, त्यातले १८ हरला. जोकोविचविरुद्ध २० पैकी १६ हरला. हे आकडे त्याच्या मनगटाच्या दुखापतींवर ढकलता येत नाहीत, कारण त्यातले कितीतरी सामने मनगट धडधाकट असतानाचे आहेत. ऑस्ट्रेलियन ओपन २००९, उपांत्यपूर्व फेरी, फेडररने त्याला ६-३, ६-०, ६-० असा धुतला होता. बॅगल (म्हणजे ६-० चा सेट) एक नाही, दोन.

पिंपळपान

चहाबाज भाऊ, तुम्ही माझंच काम सोपं केलंत. ते ६-०, ६-० जानेवारीतलं. जूनमध्ये पॅरिसला उपांत्य फेरीत याच फेडररला त्याने पाच सेटपर्यंत ओढलं, दोन-एक असा पुढे होता. आणि सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला अंतिम सामन्यात हरवलं. नऊ महिन्यांत. वय २० वर्षं. त्याच्या आदल्या फेरीत नदालला ६-२, ६-२, ६-२. एकाच ग्रँडस्लॅममध्ये नदाल आणि फेडरर दोघांनाही पाडणारा तो पहिला.

तो अंतिम सामना आपल्याकडे रात्री दीडच्या सुमाराला सुरू झाला होता. आम्ही तेव्हा डोंबिवलीला दोन खोल्यांत राहायचो, बाबांची सकाळची पाळी, म्हणून टीव्हीचा आवाज बंद. भाऊ फेडररचा भक्त. पहिला सेट फेडररचा, दुसऱ्यात ५-४ वर फेडरर सेटसाठी सर्व्हिस करतोय. भाऊ म्हणाला, झोप आता, संपलं. तेवढ्यात देल पोत्रोने एक फोरहँड रेषेवरून सरळ काढला, बाहेर दिला, त्याने चॅलेंज केलं आणि पडद्यावर चेंडू रेषेला चाटून गेलेला दिसला. ब्रेक, म्हणजे फेडररची सर्व्हिस तोडली. मग टायब्रेकर (६-६ झाल्यावरचा निर्णायक गेम) त्याने काढला. तिसरा सेट परत फेडररचा, आणि त्या सेटमध्ये फेडररसारखा फेडरर पंचावर चिडून शिवी हासडून बसला. आवाज बंद असल्यामुळे ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. पाचवा सेट ६-२. बाहेर दूधवाल्याच्या कॅनचा आवाज येत होता तेव्हा हा सहा फूट सहा इंचांचा पोरगा कोर्टावर पाठ टेकून पडला होता.

सलग पाच वर्षं ती स्पर्धा फेडररची होती. कणवेचा प्रश्नच नव्हता हो त्या दिवशी. आम्हाला तर तो राक्षसच वाटला.

अनुस्वार

अवांतर, पण राहवत नाही. तो 'डेल पोट्रो' नाही, 'जुआन' तर नाहीच नाही. हुआन मार्टिन देल पोत्रो. धागाकर्त्याने बरोबर लिहिलंय याचा आनंद झाला. गावाचं नाव तांदिल. त्याचं टोपणनाव तिथे 'तांदिलचा मनोरा'. बाकी चालू द्या.

मडगांवकार

तांदिलबद्दल दोन ओळी. ब्युनोस आयर्स प्रांतातलं लहान शहर, टेकड्यांचं. तिथे पूर्वी एका कड्याच्या टोकावर प्रचंड शिळा होती, वाऱ्याने हलायची म्हणे, लोक बघायला यायचे. १९१२ साली ती घरंगळून फुटली. आता तिच्या जागी नकली शिळा बसवलीय, ती हलत नाही. एवढ्याशा गावातून देल पोत्रो, मोनाको, साबालेता, पेरेस रोल्दान असे टेनिसपटू निघाले. मोनाको, साबालेता आणि हा, तिघेही एकाच प्रशिक्षकाच्या, मार्सेलो गोमेसच्या हाताखालून गेलेले. लाल मातीची कोर्टं, एक क्लब, एक हट्टी मास्तर. आमच्या गोव्यात एकेका वाड्यावरून फुटबॉलर निघतात तसंच हे.

आणि चहाबाज, एक मुद्दा तुम्ही सोडलात. मातीवर वाढलेला अर्जेंटिनी पोरगा म्हणजे टॉपस्पिन (चेंडूला पुढची फिरकी), लांबलचक रॅली, पाय घसरत धावणं. हा तसा नव्हताच. सपाट फटका. अमेरिकन ओपन जिंकणारे अर्जेंटिनी पुरुष दोनच, विलास आणि हा. त्यातला विलास १९७७ ला जिंकला तेव्हा ती स्पर्धा मातीवर व्हायची. म्हणजे हार्डकोर्टवरचा हा एकटाच.

हाडवैद्य

व्यवसायाने फिजिओ आहे, म्हणून मनगटावर थोडं लांबण लावतो. कंटाळा आला तर खाली सरका.

लोक 'मनगट, मनगट' म्हणतात, पण दोन मनगटांच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली शस्त्रक्रिया २०१० च्या मे महिन्यात, उजव्या मनगटावर. म्हणजे विजेतेपदानंतर वर्षही झालं नव्हतं. ते वर्ष वाया गेलं, २०११ च्या सुरुवातीला तो पार ४८५ वर घसरला होता. पण तो हात बरा झाला. फोरहँड परत आला, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जोकोविचला हरवून कांस्य घेतलं. त्याच्या आधी उपांत्य फेरीत फेडररने त्याला तिसऱ्या सेटमध्ये १९-१७ ने हरवलं होतं, साडेचार तासांना चार मिनिटं कमी. तीन सेटचा सामना होता तो, लक्षात घ्या.

खरी माती झाली ती डाव्या मनगटाने. उजव्या हाताने खेळणाऱ्याला डावं मनगट कशाला लागतं, असं मला क्लिनिकमध्येही विचारतात. दोन हातांचा बॅकहँड मारताना वरचा हात डावा असतो. रॅकेट खाली पाडायची, मग चेंडूखालून वर ओढायची, हे सगळं डाव्या मनगटाच्या जिवावर. तो एका प्रकारे डावरा फोरहँडच असतो, उजवा हात नुसता सोबतीला. त्या मनगटावर मार्च २०१४, जानेवारी २०१५, जून २०१५ अशा तीन शस्त्रक्रिया झाल्या. २०१६ च्या फेब्रुवारीत तो परत आला तेव्हा क्रमवारीत हजाराच्या बाहेर होता.

आणि परत आला तो बॅकहँड घरी ठेवून. शब्दशः. डाव्या बाजूला चेंडू आला की एका हाताने स्लाइस, नुसता कापून पलीकडे. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला माहीत होतं की याला डावीकडे खेळवायचं, तिकडून याच्याकडे मारायला काहीच नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर बोलर्सना ठाऊक आहे की या बॅट्समनला लेगला मारताच येत नाही, आणि तरी तो शतकं करतोय.

म्हणून मला 'बिच्चारा' हा शब्द पटत नाही. अर्धं कोर्ट शत्रूला आंदण देऊन उरलेल्या अर्ध्यातून त्याने त्या वर्षी काय केलं बघा. रिओ ऑलिंपिक, क्रमवारी १४१, पहिल्याच फेरीत अव्वल क्रमांकाचा जोकोविच, दोन टायब्रेकर, खलास. त्याच दिवशी सकाळी हा खेळाडूंच्या वसाहतीत लिफ्टमध्ये पाऊण तास अडकला होता. उपांत्य फेरीत नदाल, तिसऱ्या सेटच्या टायब्रेकरमध्ये. अंतिम फेरीत मरेकडून चार सेटमध्ये हरला. रौप्य.

सांजवारा

हाडवैद्य, 'डावरा फोरहँडच' हे इतक्या सोप्या शब्दांत पहिल्यांदा वाचलं. मुलगी अकरा वर्षांची आहे, दोन हातांनी मारते, तिला आत्ताच वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग मी नुसता स्लाइसच शिकते. आता हे निस्तरा तुम्ही.

लिफ्टचा किस्सा माहीत नव्हता. बाहेर काढलं कोणी?

हाडवैद्य

त्यांच्याच देशाच्या हँडबॉल संघाचे खेळाडू मदतीला आले होते. एवढा उंच माणूस आणि एवढीशी लिफ्ट, डोळ्यांसमोर आणा.

ताई, मुलीला सांगा, आधी दोन्ही शिक, मग रुसून बस.

जर्सीकर

मी त्याला प्रत्यक्ष पाहिलाय, म्हणून लिहितो. २०१७, अमेरिकेतली लेबर डेची सुट्टी, आम्ही चौघं मित्र ग्राउंड पास काढून अमेरिकन ओपन बघायला फ्लशिंग मेडोजला गेलो. ग्रँडस्टँड नावाच्या मधल्या आकाराच्या कोर्टावर देल पोत्रो विरुद्ध डॉमिनिक थीम. वरच्या रांगेत उन्हात जागा मिळाली.

पहिला सेट १-६. दुसरा २-६. टीव्हीवर काय दिसलं माहीत नाही, पण वरून जे दिसत होतं ते बघवत नव्हतं. तापाने फणफणलेला होता. दोन पॉइंटच्या मध्ये टॉवेलकडे चालत जायचा तेही पाय ओढत, रॅकेट काठीसारखी टेकून उभा राहायचा, वाकून श्वास घ्यायचा. आमच्यातला एक जण म्हणाला, हा आता हात मिळवायला नेटजवळ जाणार, चला बर्गर खाऊ. दोघं गेले. (त्यांना अजून ऐकवतो.)

आमच्या डाव्या हाताला पंधरा-वीस अर्जेंटिनी होते. निळे-पांढरे टी-शर्ट. ते सामना हरत असतानाच गात होते, जिंकत असल्यासारखं. 'ओले, ओले ओले ओले, देल्पो, देल्पो'. पंच दोनदा 'प्लीज' म्हणाला. तिसऱ्या सेटमध्ये याने एक फोरहँड मारला, आवाज वेगळाच आला, ओल्या फळीवर हातोडा मारल्यासारखा, आणि कोर्टावरचे सगळे, म्हणजे अमेरिकन आजी-आजोबांपासून आमच्यासारख्यांपर्यंत, त्या पंधरा जणांत सामील झाले. ६-१. चौथ्यात थीम ५-३ वर सामन्यासाठी सर्व्हिस करत होता, ती तोडली. मग ५-६ वर दोन मॅच पॉइंट वाचवले, दोन्ही एस (समोरच्याला रॅकेटही लावता येत नाही अशी सर्व्हिस) मारून. आजारी माणूस दुसरं काय करणार, धावायचं नाही म्हणून एस! टायब्रेकर, पाचवा सेट, ६-४. शेवटचा पॉइंट थीमचा डबल फॉल्ट.

बर्गरवाले परत आले तेव्हा त्यांना आत शिरायला जागा नव्हती. पुढच्या फेरीत त्याने फेडररला काढलं, पण ते घरी सोफ्यावरून पाहिलं.

चहाबाज, तिथे कुणालाही कणव वाटत नव्हती असं मी म्हणणार नाही. पहिल्या दोन सेटमध्ये वाटत होतीच. पण तेवढ्यावर लोक घसा फुटेपर्यंत ओरडत नाहीत हो.

चहाबाज

बरं, थोडा मागे सरतो. पण मग दुसरी बाजूही येऊ द्या, नाहीतर धाग्याची आरती होईल. अर्जेंटिनात हा सर्वांचा लाडका कधीच नव्हता. २००८ चा डेव्हिस कप (देशोदेशीच्या संघांची स्पर्धा) अंतिम सामना, मार देल प्लाता, घरचं मैदान, स्पेनकडे नदाल नाही, आणि तरी हरले. देल पोत्रो लोपेसविरुद्ध मांडी दुखावून घेऊन हरला. संघातला सहकारी नलबांदियन आणि याचं पटत नव्हतं हे जगजाहीर. २०१२ ला चेकविरुद्ध उपांत्य लढतीत शुक्रवारी खेळला, रविवारी मनगटाचं कारण देऊन बसला, तेव्हा त्याच्याच देशात टीका झाली. पुढची तीन वर्षं डेव्हिस कप खेळलाच नाही. 'देशापेक्षा करिअर मोठं' हे त्याला सुनावणारे अर्जेंटिनीच होते.

मडगांवकार

खरं आहे, आणि म्हणूनच २०१६ चं मोल. डेव्हिस कप हा त्यांचा सलणारा काटा होता. चार अंतिम सामने हरले होते, १९८१, २००६, २००८, २०११. विलासचा काळ सरला, नलबांदियनचा सरला, कप नाही.

उपांत्य लढत ब्रिटनशी, ग्लासगोला. मरेच्या घरात जाऊन मरेला पाच सेटमध्ये हरवलं, पाच तास सात मिनिटं. अंतिम लढत झाग्रेबला. रविवारी अर्जेंटिना १-२ मागे, समोर क्रोएशियाचा चिलिच. पहिले दोन सेट चिलिचचे. इथे हरला तर कप गेला. मग ७-५, ६-४, ६-३. मध्येच डाव्या हाताची करंगळी मोडून घेतली, तरी खेळत राहिला. गॅलरीत मॅराडोना अंगात आल्यासारखा नाचत होता. त्यानंतर अर्जेंटिनाच्याच डेल्बोनिसने क्रोएशियाच्या कार्लोविचला सरळ तीन सेटमध्ये उडवलं आणि कप पहिल्यांदा त्या देशात गेला.

आमच्या घरात वर्ल्ड कपला अर्धे ब्राझील, अर्धे अर्जेंटिना. मी ब्राझीलवाला. त्या रविवारी मात्र मी गुपचूप अर्जेंटिनासाठी मेणबत्ती लावली. आईला विचारलंत तर नाही म्हणून सांगेल.

बालेवाडी_कट्टा

मडगांवकार, मजा बघा, झाग्रेबचे ते दोन्ही क्रोएशियन पुढे आपल्या पुण्यात येऊन गेले. २०१८ ला महाराष्ट्र ओपन बालेवाडीला पहिल्यांदा झाली तेव्हा चिलिच उपांत्य फेरीपर्यंत होता, २०१९ ला कार्लोविच अंतिम फेरीत. तेव्हा त्याचं वय ३९, केव्हिन अँडरसनविरुद्ध तीन सेट, तिन्ही टायब्रेकर. मी दोन्ही वर्षं होतो. चिलिच सरावाच्या कोर्टावर जाळीपलीकडे दहा फुटांवर. त्याची सर्व्हिस आपण चेंडू म्हणून बघतच नाही, आवाज म्हणून ऐकतो. मला तेव्हा एकच विचार आला, याच्यासमोर दोन सेट पिछाडीवरून मोडक्या बोटाने कोणी जिंकलंय. टीव्हीवर ते कळत नाही.

देल पोत्रो मात्र बालेवाडीला आला नाही. तेवढी एक खंत.

सांजवारा

एक राहिलं. पॅरिस, २०१७, दुसरी फेरी. प्रतिस्पर्धी आल्माग्रोचा गुडघा गेला आणि तो लाल मातीवर पडून रडायला लागला. देल पोत्रो नेट ओलांडून त्याच्याकडे गेला, खाली वाकून बोलत राहिला, मग त्याला खुर्चीपर्यंत आणून शेजारी बसला. आल्माग्रो लवकरच बाबा होणार होता, त्याला तो म्हणे बाळाचीच आठवण करून देत होता. मी तेव्हा टेनिस बघतही नव्हते. ती चित्रफीत कुणीतरी फॅमिली ग्रुपवर टाकली आणि मला हा माणूस कळला. अशी किती माणसं त्याला मिळाली असतील, ज्यांनी त्याचा एकही सामना पाहिला नव्हता.

हाडवैद्य

आणि मग स्वतःचाच गुडघा. २०१८ हे त्याचं सर्वात चांगलं वर्ष चाललं होतं. मार्चमध्ये अमेरिकेतल्या इंडियन वेल्स स्पर्धेत फेडररचे तीन मॅच पॉइंट वाचवून जिंकला, सप्टेंबरमध्ये परत अमेरिकन ओपनची अंतिम फेरी, जोकोविचकडून हार. ऑक्टोबरमध्ये शांघायला पडला, उजव्या गुडघ्याची वाटी तडकली. पुढच्या जूनमध्ये लंडनला क्वीन्स क्लबच्या हिरवळीवर परत तीच. मग त्या गुडघ्यावर एकामागून एक चार शस्त्रक्रिया. फेब्रुवारी २०२२ ला घरच्या कोर्टावर डेल्बोनिसशी खेळला, झाग्रेबवाल्याच डेल्बोनिसशी, १-६, ३-६. शेवटच्या गेममध्ये सर्व्हिस करताना रडत होता. डोक्याची पट्टी काढून नेटला बांधली आणि निघून गेला.

२०२४ च्या निरोपाआधी त्याने एक चित्रफीत टाकली होती. सकाळी उठल्यापासून गोळ्या, जिना चढताना वेदना. टेनिस परत खेळायचं म्हणून नव्हे, नुसतं चालता यावं म्हणून धडपड. मी रोज असे गुडघे बघतो. पण ते सत्तरीतल्या लोकांचे असतात. हा निरोपाच्या वेळी छत्तीस वर्षांचा होता.

चहाबाज

काल रात्री जेवण झाल्यावर २००९ चा सामना लावला. अख्खा, चार तास सहा मिनिटांचा. तिसऱ्या सेटपर्यंत आलोय. दुसऱ्या सेटमधला तो रेषेवरचा फोरहँड चार वेळा मागे घेऊन पाहिला. मला अजूनही तो बाहेर वाटतो. :)

एक मान्य. २००५ च्या फ्रेंच ओपनपासून २०१३ संपेपर्यंत फेडरर, नदाल, जोकोविच आणि मरे सोडून दुसऱ्या कोणाच्याही हातात ग्रँडस्लॅमचा करंडक दिसला नाही. हा एक अपवाद. मी काल आकडे मोजताना हरलेले सामने मोजले, हे मोजायचं राहिलं.

बाकीचे दोन सेट आज रात्री. निकाल सांगू नका, हलके घ्या.

पिंपळपान

पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटलं तुमचा प्रतिसाद वाचून. भावाला धाग्याचा दुवा पाठवला. त्याचं उत्तर आलं, 'पंचाने चॅलेंज उशिरा घेऊ दिलं.' पंधरा वर्षं झाली, तरी तेच.

अनुस्वार

नलबांदियनचा विषय निघालाच आहे तर त्याच्यावर वेगळा धागा काढावा कोणीतरी. बॅकहँड काय होता त्याचा! आणि 'नालबँडियन' लिहू नये ही विनंती.